आजच्या आज तालुक्याच्या गावी फुलं पाठवायची असतील तर

पुण्यात किंवा ठाण्यात ‘सेम डे’चं बटण दाबलं की काही तासांत बुके दारात येतो. तेच बटण देवरुख, अकोले किंवा मंगळवेढ्यासाठी दाबलं की वेबसाइट पैसे लगेच घेते आणि माणूस नंतर शोधायला लागते. ऑर्डर बऱ्याचदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानाकडे जाते. एका बुकेसाठी पन्नास किलोमीटरवर पोरगा पाठवणं त्या दुकानदाराला परवडत नाही. तो दुपारपर्यंत गप्प बसतो आणि चार वाजता तुम्हाला मेसेज येतो: आज जमणार नाही, उद्या देतो. वाढदिवस मात्र आज असतो.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. लोक आधी फोटो पसंत करतात, मग पैसे भरतात, मग पत्ता टाकतात आणि सगळं फिसकटल्यावर गावातल्या कुणाला तरी फोन लावतात. छोट्या गावासाठी हे उलटं करायचं. आधी गावातला माणूस, मग त्याच्याकडे आज असलेली फुलं, मग पैसे. कॅटलॉगमधला फोटो यात कुठेच बसत नाही.

उदाहरणासाठी एकच प्रसंग धरू. तुम्ही पुण्यात, आईवडील देवरुखला, आज त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि संध्याकाळी सहाच्या आत फुलं घरी पोचायला हवीत.

## १. घड्याळ आणि कॅलेंडर बघा

तालुक्याच्या गावातलं फुलांचं दुकान म्हणजे मुळात हारांचं दुकान. एसटी स्टँडसमोर किंवा देवळाच्या रस्त्याला टपरीवजा जागा, पुढे झेंडू-शेवंतीच्या पाट्या, मागे पाण्याच्या बादल्यांत थोडे डच गुलाब, थोडे जरबेरा. झेंडू, शेवंती, निशिगंध आसपासच्या शेतांतूनही येतात. बुकेची फुलं मात्र पुण्याचं मार्केट यार्ड, दादर, कल्याण, कोल्हापूर, नाशिक अशा मोठ्या बाजारांतून पहाटे निघतात आणि एसटीने, ट्रॅव्हल्सने किंवा टेम्पोने गावात उतरतात. बरेच दुकानदार हा माल रोज मागवत नाहीत. एक दिवसाआड आणतात, नाहीतर ऑर्डर असेल तेव्हाच.

तेव्हा आजच्या आज जे काही मिळणार, ते सकाळी त्याच्या बादलीत असलेल्या फुलांतूनच मिळणार. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

सकाळी नऊपर्यंत दुकानात फुलपुडी आणि देवाच्या हारांची गर्दी असते. दहा ते साडेबारा हा बुके बांधायचा निवांत वेळ. एकनंतर बऱ्याच गावांत शटर अर्ध्यावर येतं ते चार वाजता वर जातं. म्हणून पहिला फोन साडेआठच्या आत, दोनच मिनिटांचा. तपशील दहा वाजता. बारा वाजून गेल्यावर पहिला फोन करणार असाल, तर थेट नवव्या पायरीवर जा.

परदेशातून पाठवणाऱ्यांनी भारतातले सकाळचे साडेआठ आपल्याकडे किती वाजता होतात ते आधी लिहून ठेवावं. न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा (हिवाळ्यात दहा), सॅन फ्रान्सिस्कोला रात्रीचे आठ (हिवाळ्यात सात), दुबईत सकाळचे सात, लंडनला पहाटेचे चार (हिवाळ्यात तीन), सिडनीला दुपारचा एक (तिथल्या उन्हाळ्यात दोन). अमेरिकेतल्यांची त्यातल्या त्यात सोय आहे, जेवण झाल्यावर फोन लावता येतो. मात्र ‘आज रात्री करू, उद्या पोचेल’ म्हणताना तारीख भारतातली मोजा. ही चूक अमेरिकेतूनच सगळ्यात जास्त होते.

सावध: हे दिवस वेगळे धरा. दसरा, लक्ष्मीपूजन आणि गणपतीच्या आदले दोन दिवस. मार्गशीर्षातले गुरुवार. दाट लग्नतिथी. १४ फेब्रुवारी आणि ५ सप्टेंबर. गावचा आठवडे बाजार, कारण त्या दिवशी फुलं भरपूर असतात पण फोन उचलायला कुणाला सवड नसते. आणि मतमोजणी. हार जेसीबीने घालायची पद्धत निघाल्यापासून निकालाच्या दिवशी तालुक्यातला झेंडू दुपारपर्यंत संपतो. पितृपक्षात उलटा प्रकार असतो. दुकान उघडं असतं, पण बुकेचा माल दुकानदाराने भरलेलाच नसतो.

पावसाळ्यात रस्ताही विचारात घ्या. देवरुखचा माल कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून येणार असेल आणि रात्री घाटात दरड आली असेल, तर सकाळी दुकानदाराकडे कालचीच फुलं असतात. हे तो आपणहून सांगणार नाही, विचारावं लागतं.

## २. फोन उचलण्याआधी कागदावर लिहा

दुकानदाराने विचारल्यावर ‘थांबा हां, बघून सांगतो’ म्हणायची वेळ येऊ नये. पाच गोष्टी समोर हव्यात.

गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड. चारही. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड रत्नागिरीतलं की पुण्यातलं (म्हणजे राजगुरुनगर)? कळंब धाराशिवचं की यवतमाळचं? कारंजा लाड वाशीमला, कारंजा घाडगे वर्ध्याला. मालेगाव म्हटलं की सगळे नाशिककडे बघतात, पण वाशीम जिल्ह्यातही मालेगाव तालुका आहे. त्यात काही साइटवर जिल्ह्यांची नावं अजून उस्मानाबाद, अहमदनगर, औरंगाबाद अशी जुनीच असतात. यादीत ‘धाराशिव’ सापडलं नाही म्हणून शेजारचा जिल्हा निवडू नका.

पिनकोडवर एकट्यावर विसंबू नका. एका पिनकोडात तालुक्याचं गाव आणि दहा-बारा वाड्या असं सगळं येऊ शकतं. ‘तुमच्या पिनकोडला सेवा आहे’ याचा अर्थ तुमच्या वाडीपर्यंत कुणी येणार आहे असा होत नाही.

माणूस सांगेल तसा पत्ता. फ्लॅट नंबर, प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर गावात कुणी वापरत नाही. ‘एसटी स्टँडकडून येताना शाळेच्या अलीकडची डावी गल्ली, निळं गेट, दारात पारिजातक’ हा खरा पत्ता. घर गावात कुठल्या नावाने ओळखलं जातं तेही लिहा. वडील शिक्षक असतील तर ‘गुरुजींचं घर’ म्हटल्यावर रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही.

दोन फोन नंबर. एक ज्यांना फुलं द्यायची त्यांचा, दुसरा शेजारच्या किंवा गल्लीतल्या कुणाचा तरी. गुपित ठेवायचं असेल तर दुसराच नंबर महत्त्वाचा.

घरी कोण, कधी. शेजारच्या काकूंना आधीच विचारून घ्या. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आईवडील संध्याकाळी देवळात गेले आणि बुके कुलपाला अडकवून पोरगा परतला, असं होऊ शकतं.

एकूण रक्कम. फुलं, बांधणी, पोचवणं सगळं धरून. ‘साधारण हजारात बसवा’ असं एका दमात सांगता आलं पाहिजे.

## ३. गावातलं दुकान शोधा

आधी नात्यातला माणूस, मग नकाशा, मग वेबसाइट. हा क्रम सोडू नका.

गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा, ‘सत्काराचे बुके कुठून आणता?’ शाळा, पतसंस्था, बँक, ग्रामपंचायत यांचे कार्यक्रम सतत चालू असतात आणि शाल-श्रीफळाबरोबर बुके लागतोच. ते ज्याच्याकडून घेतात तो आपला माणूस. ‘फुलांचं दुकान कुठे आहे?’ असं विचारलंत तर देवळाजवळच्या हारवाल्याचं नाव मिळेल. त्याचे हार सुंदर असतील, पण बुके तो बांधत नसेल.

ओळखीचं कुणीच नसेल तर गूगल मॅपवर गावाचं नाव टाकून ‘फ्लॉवर डेकोरेटर्स’, ‘फुल भांडार’, ‘मंडप डेकोरेटर्स’, ‘कार सजावट’ असे शब्द शोधा. ‘फ्लोरिस्ट’ टाकून छोट्या गावात फार काही हाती लागत नाही. तेही नाही जमलं तर केकचं दुकान गाठा. केकवाल्याकडे पोचवणारा पोरगा असतो, त्याला गावातली घरं पाठ असतात आणि हारवाला त्याच्या ओळखीचा असतो. केक आणि फुलं एकाच फेरीत जातात.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात बाजारात फुलं घेऊन बसणाऱ्या बायकांकडे अबोली-मोगऱ्याच्या वेण्या अप्रतिम असतात, पण फोनवर ऑर्डर घ्यायची व्यवस्था बहुधा नसते. तिथे बाजारात जाणारा आपला माणूस लागतोच.

तपासा: नकाशावर दुकानाचे फोटो आहेत का, ते त्याच गावातले वाटतात का, पाटीवरचा नंबर आणि यादीतला नंबर एकच आहे का. अमुक गावात ‘फास्टेस्ट फ्लॉवर डिलिव्हरी’ असं नाव, फोटो सगळे कॅटलॉगचे आणि फोन उचलणाऱ्याला गावातला मुख्य चौक माहीत नाही, असं असेल तर तो गावात नाहीच. ‘तुमचं दुकान स्टँडपासून कुठल्या बाजूला?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

## ४. फोनवर काय विचारायचं

‘आज होईल का?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘होईल की, काळजी करू नका.’ गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. प्रश्न असे विचारा की हो-नाहीत उत्तर देताच येणार नाही.

सुरुवात साधी: ‘नमस्कार काका, पुण्याहून बोलतोय. आज संध्याकाळी देवरुखातच फुलं पोचवायची आहेत. आत्ता गर्दीत असाल तर दहाला करू का फोन?’ गर्दीच्या वेळी त्याला मोकळं सोडलंत की दहा वाजता तो नीट बोलतो.

मग या क्रमाने:

१. आज बुके बांधायला कोण आहे? छोट्या दुकानात हे काम येणारा एकच जण असतो. लग्नसराईत तो सकाळीच स्टेज सजवायला किंवा नवरदेवाची गाडी सजवायला गेलेला असतो. दुकान उघडं, फुलं हजर, बांधणारा नाही, असा घोळ होतो.

२. बादलीत आत्ता काय काय आहे, कुठल्या रंगाचं?

३. हा माल कधी उतरला? ‘ताजी आहेत का’ नाही, ‘कधी उतरली’.

४. पोचवायला कोण जाणार? दुकानातला पोरगा की रिक्षावाला?

५. दुकानातून किती वाजता निघेल? पोचायची वेळ विचारली की अंदाज मिळतो, निघायची विचारली की ती त्याच्या हातातली असते.

६. सगळं मिळून किती?

तपासा: पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं नाही तर तिथेच थांबा आणि दुसरं दुकान बघा. फुलं कमी असली तर मार्ग निघतो, माणूस नसला तर निघत नाही.

## ५. फुलं निवडा, त्याच्याकडे असलेल्यांतून

इथे लोक सर्वात जास्त हट्ट करतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

घाऊक बाजारात डच गुलाब वीसच्या बंचमध्ये येतो, जरबेरा दहाच्या. ‘पन्नास वर्षं झाली म्हणून पन्नास गुलाब’ हे ऐकायला छान आहे, पण त्यासाठी दुकानदाराला तीन बंच फोडावे लागतात. उरलेले दहा विकले जाण्याची त्याला खात्री नसते. मग तो दोन ताजे बंच घेतो आणि वरचे दहा बादलीच्या तळाशी राहिलेल्या जुन्यांतून भरतो. त्यापेक्षा वीस किंवा चाळीस सांगा, म्हणजे अख्खा बंच एकाच वयाचा मिळतो. आकडाच साधायचा असेल तर तो कार्डावर लिहा.

‘गुलाब’ एवढंच म्हणू नका. गावठी गुलाब आखूड देठाचा, हारात आणि फुलपुडीत जाणारा. बुकेसाठी लांब दांड्याचा डच गुलाब सांगावा लागतो. कार्नेशन, ऑर्किड, जिप्सोफिला तालुक्याच्या दुकानात असेलच असं नाही. विचारा, पण आग्रह धरू नका.

गोष्ट हंगामाचीही आहे. मोगरा फाल्गुनापासून उन्हाळाभर. डिसेंबरात मोगऱ्याचा गजरा मागितलात तर मिळालाच तरी सोन्याच्या भावाने मिळेल. शेवंती थंडीत छान असते. निशिगंध बहुतेक वर्षभर मिळतो आणि कमी खर्चात भारदस्त दिसतो. उन्हाळ्यात जरबेऱ्यावर भर नको. त्याचा देठ आतून पोकळ असतो आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी रिक्षातून नेताना फूल मान टाकतं. दुकानदार देठाला तार किंवा स्ट्रॉ लावून ते उभं ठेवतात. त्याला हरकत नाही, पण मग ते फूल घरी पोचल्यावर फार टिकत नाही. भर पावसात झेंडूचा मोठा हार नको. पाणी धरून बसलेला झेंडू आतून काळा पडतो.

बुके सजवून झाल्यावरचा फोटो मागवण्याआधी बादलीचा फोटो मागवा. सजवलेल्या बुकेत चमकी कागद आणि रिबन बरंच काही झाकतात. बादलीच्या फोटोत हे बघा: गुलाबाची मान सरळ आहे का, पानं तुकतुकीत आहेत का. सर्वात बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असल्या तर घाबरू नका, त्या संरक्षणासाठीच ठेवलेल्या असतात आणि बांधताना काढतात. अजिबातच डागाळलेली पाकळी नाही आणि फूल मऊ, उघडलेलं दिसतंय, तर त्याच्या पाकळ्या आधीच सोलून झाल्या असणार. निशिगंधाच्या काडीवर खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर कळ्या हव्यात. सगळीच उमलली असतील तर ती उद्या सकाळी खाली सांडलेली दिसतील.

बुके टोपलीत हवा की हातात धरायचा, हेही सांगा. टोपलीत आत हिरवा फोम असतो. तो पाण्यात पूर्ण भिजवलेला असेल तर फुलं दोन-तीन दिवस छान राहतात, नुसता वरून शिंपडला असेल तर त्याच रात्री कोमेजतात. ‘फोम बुडवून भिजवा काका, शिंपडू नका’ एवढं वाक्य बोला. त्याला कळतं की समोरच्याला कळतं.

आणि मुळात बुकेच हवा का? आपल्या प्रसंगात माझं मत स्पष्ट आहे: दोन ताजे हार, आईसाठी गजरा आणि जमलं तर एक छोटा बुके. गावचा हारवाला हार रोज बांधतो, त्यात त्याचा हात बसलेला असतो आणि पाव तासात तयार होतो. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एकमेकांना हार घालताना जो आनंद होतो तो सेलोफेनमधल्या ऑर्किडने होत नाही. गजरा संध्याकाळचा असेल तर ‘कळ्यांचा, उमललेला नको’ असं सांगा. मोगरा संध्याकाळी आपोआप उमलतो.

सावध: दुःखाच्या घरी बुके पाठवू नका. तिथे तसबिरीसाठी पांढऱ्या शेवंतीचा किंवा निशिगंधाचा हार, साधा, चमकीशिवाय. उलट, ज्येष्ठांच्या वाढदिवसाला नुसत्या पांढऱ्या फुलांचा बुके दिसायला सुरेख असला तरी घरात कुणाच्या तरी मनाला खटकतो. दवाखान्यात पाठवायचा असेल तर आधी तिथे विचारा. अतिदक्षता विभागात फुलं आत नेऊ देत नाहीत.

## ६. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवा

फोनवर ठरलेलं लक्षात राहत नाही, दुकानात दहा गिऱ्हाइकं उभी असतात. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज, मराठीत, ओळी पाडून:

*आजची ऑर्डर (तारीख, वार)*
*फुलं: शेवंती-निशिगंधाचे २ हार, मोगऱ्याचा १ गजरा (कळ्यांचा), लाल डच गुलाब २० चा बुके, टोपलीत*
*दुकानातून निघायची वेळ: संध्याकाळी ५*
*पत्ता: खुणेसकट, गाव-तालुका-जिल्हा*
*फोन: आधी शेजारचा नंबर. घरच्यांना आधी फोन करू नये*
*कार्डावर: खालचा मजकूर जसाच्या तसा*
*एकूण: … रुपये, त्यातले … आगाऊ दिले*

तुकड्या-तुकड्यांत पाठवलेले आठ मेसेज आणि मधे एक व्हॉइस नोट, यातूनच पत्ता हरवतो. नकाशावरचं ठिकाण वेगळं पाठवा, पण ते घरात बसलेल्या किंवा शेजारच्या माणसाकडून मागवून. पुण्यात बसून अंदाजाने टोचलेली खूण मागच्या गल्लीत निघते.

कार्डाचा मजकूर दोन ओळींपेक्षा मोठा नको. दुकानदार तो हाताने लिहितो, घाईत लिहितो. ‘तीर्थरूप आई-बाबांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली मुलांची, नातवंडांची नावं. इंग्रजी कविता पाठवलीत तर स्पेलिंगची जबाबदारी तुमची.

तपासा: लिहिलेल्या कार्डाचा फोटो मागवा. रिबन लावणार असतील तर तिच्यावर काय छापलंय तेही बघा. दुकानात ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ दोन्ही रिबनी एकाच खिळ्याला लटकत असतात.

## ७. पैसे द्या, पण दोन टप्प्यांत

निम्मे आगाऊ, निम्मे पोचल्याच्या फोटोनंतर. बहुतेक दुकानदार याला तयार होतात. छोटी ऑर्डर असेल आणि त्याने सगळे आधी मागितले तरी देऊन टाका, पण गावातल्या कुणीतरी तो माणूस ओळखीचा आहे असं सांगितलेलं असावं.

यूपीआयने पाठवताना नंबर टाकल्यावर जे नाव दिसतं ते फोनवर वाचून दाखवा आणि ‘हे तुमचंच ना?’ असं विचारा. क्यूआर कोड दुकानातल्या पाटीचा फोटो काढून पाठवायला सांगितला तर आणखी बरं.

सावध: कुणी ‘पैसे परत करतो, ही रिक्वेस्ट स्वीकारा आणि पिन टाका’ म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

परदेशातून: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं बँक) खातं जोडून यूपीआय चालतं, पण तुमच्या बँकेने ती सोय दिलेली हवी. ऐन सकाळी ती जोडायला बसू नका. नाहीच तर भारतातल्या भावाबहिणीला पैसे भरायला सांगा आणि हिशोब नंतर करा.

## ८. निघाल्यापासून पोचेपर्यंत

निघायच्या वेळेच्या अर्धा तास आधी एक फोन: ‘काका, बांधून झालं का? एक फोटो टाका.’ फोटो आला की तो ठरल्यापेक्षा थोडा वेगळा असणारच. गुलाब वीसचे अठरा दिसत असतील तर विचारा. पिवळ्याऐवजी केशरी शेवंती असेल तर सोडून द्या. या वेळी बदल सांगितला की निघायला उशीर होतो, आणि वेळेवर आलेली केशरी शेवंती उशिरा आलेल्या पिवळीपेक्षा बरी.

मग पोचवणाऱ्या पोराचा नंबर घ्या आणि शेजारच्या काकूंना तो द्या. त्या दोघांनी एकमेकांशी बोलू दे, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही पुण्याहून ‘डावीकडे वळ’ सांगत बसलात की गोंधळ वाढतो.

दुपारी एक ते चार पोचवायला सांगू नका. घरात वामकुक्षी चालू असते, बेल वाजली तरी दार उघडायला वेळ लागतो आणि बाहेर उन्हात फुलं वाळतात.

तपासा: दारात दिल्याचा एक फोटो किंवा काकूंचा ‘पोचलं’ एवढा मेसेज. तो आला की उरलेले पैसे लगेच, त्याच मिनिटाला. पुढच्या वेळी तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाईल.

## ९. बिघडलं तर: फूल ना फुलाची पाकळी

वेळा ठरवून ठेवा आणि त्या ओलांडू नका.

दुपारी बारापर्यंत दुकान पक्कं झालं नाही, तर बुकेचा विचार सोडा. हारवाल्याकडून फक्त हार आणि गजरा, आणि पोचवायला शेजारचा मुलगा.

तीनपर्यंत दुकानदार फोन उचलत नसेल, तर दुसऱ्या दुकानात नवीन ऑर्डर द्या आणि पहिल्याला मेसेज टाकून रद्द केल्याचं कळवा. दोन्हीकडून फुलं आली तरी काही बिघडत नाही. आगाऊ दिलेल्या दोन-तीनशे रुपयांसाठी संध्याकाळ घालवू नका.

पाचनंतर काहीच हाती नसेल तर गावातल्या मिठाईवाल्याला फोन करा. पाव किलो पेढे, आणि त्यालाच विनंती करा की शेजारून दोन हार घेऊन एकत्र पाठव. संध्याकाळी देवळासमोरच्या फुलवाल्यांकडे माल असतोच, आरतीची वेळ असते.

## १०. वेबसाइटवरूनच करायचं असेल तर

कधीकधी दुसरा मार्ग नसतो. तेव्हा पैसे भरण्याआधी ग्राहक सेवेला फोन किंवा चॅट करून तीन गोष्टी लेखी घ्या: ऑर्डर कुठल्या गावातल्या दुकानातून जाणार, आजसाठीची शेवटची वेळ त्या गावाला लागू आहे की फक्त शहरांना, आणि फुलं बदलली तर आधी विचारणार का. पहिल्याचं उत्तर ‘आमचा पार्टनर’ एवढंच आलं तर पुढे जाऊ नका. अटींमध्ये ‘उपलब्धतेनुसार बदल होऊ शकतो’ असं जवळपास सगळ्यांकडे लिहिलेलं असतं, त्यामुळे फोटोसारखाच बुके येईल ही अपेक्षा तिथेही ठेवू नका. वेळेचा पर्याय ‘दिवसभरात’ असा असेल तर तो रात्री दहापर्यंत धरा.

न पोचल्यास स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आधी त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

## ११. फुलं पोचल्यावर घरच्यांना सांगायचं

हार घालून, फोटो काढून झाले की बुकेचा प्लास्टिक कागद काढायला सांगा. बऱ्याच घरांत तो तसाच ठेवतात आणि आत वाफ धरून फुलं कुजतात. टोपलीच्या फोममध्ये रोज सकाळी वाटीभर पाणी. हातातला बुके असेल तर देठ खालून बोटाच्या एका पेराएवढे तिरके कापून पाण्यात, पाण्यात बुडणारी पानं काढून. पंख्याखाली नको, टीव्हीवर नको.

आणि कोकणात मे महिना असेल तर आंब्याच्या आढीच्या खोलीत तर मुळीच नको. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याने कार्नेशन आणि ऑर्किड एका रात्रीत मिटतात, आणि दुसऱ्या दिवशी दोष हारवाल्याला लागतो.